फळीवरची पुडी

वालूरच्या बाजारात बसणाऱ्या वैद्यानं कासाबाईला पुडी देताना बजावलं होतं, "पाळी आल्यावर चौथ्या दिवशी न्हाऊन सुरू कर." पाळी नीट यावी म्हणून औषध, अन् औषध घ्यायचं तर आधी पाळी यायला हवी, असला तो न्याय. तीन महिने पाळी आलीच नाही, तेव्हा सासू हरखून डोहाळे विचारू लागली. सहाव्या महिन्यातही पोट सपाटच बघून तिनं आपल्या लेकाचं, मल्हारीचं दुसरं लग्न लावलं. त्याच हळदीत कासाबाई बाहेर बसली.

चौथ्या दिवशी न्हाऊन तिनं पुडी मागितली. सवतीनं ती फळीवरून काढून दिली. भुकटीचा पार खडा झाला होता.

"अक्का, कशाचं औषध हाय?"

"लेकराचं," कासाबाई म्हणाली. "वरीसभर थांब. तुलाबी आणून देतील."