सहा प्लायचे टायर

जैनुद्दीन फोन कानाला लावून तिसऱ्यांदा दुकानाबाहेर गेला, तेव्हा आडवा पडलेला टायर नसीमाने स्वतःच उभा केला.

"राहू द्या वहिनी, हात काळे होतील," काउंटरमागून हरिश्चंद्र म्हणाला.

"रोजच होतात."

गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी त्या नवरा-बायकोची एकच एटीव्ही, वाळूवर चालणारी चारचाकी, होती. दिवाळी तीन आठवड्यांवर आलेली आणि गाडीचे चारही टायर गुळगुळीत झालेले. वाळूने झिजवले नसते इतके ते घरापासून किनाऱ्यापर्यंतच्या वाटेवरच्या जांभ्या दगडाने झिजवले होते. मागचा डावा तर कडेला चिरला होता. सबंध उन्हाळा तो ठिगळावर चालला. म्हणून चारही चाके गाडीवरून उतरवून दोघे सकाळच्या एसटीने रत्नागिरीत आले होते, एमआयडीसीतल्या या दुकानात.

हरिश्चंद्रने दोन प्रकार काढून ठेवले होते. चार प्लायचा, म्हणजे चार थरांचा, स्वस्त होता, पण कडेला पातळ. सहा प्लायचा दीडपट महाग. "पण दगडाला दाद देणार नाही," तो म्हणाला होता, "चार वर्षं तरी बघायला नको."

आणि जैनुद्दीन उभ्याउभ्याच म्हणाला होता, "चार प्लायचेच द्या." मग फोन वाजला होता.

नसीमाला तेच खटकले होते. सतरा वर्षे कुवेतच्या वर्कशॉपमध्ये या माणसाने टायरच हाताळले होते. दोन वर्षांपूर्वी कायमचा म्हणून घरी आला, तेव्हा लेकाच्या, तहाच्या, सायकलचे टायर घ्यायलाही त्याने दुकानदाराला तासभर छळले होते. टायर कधी बनला ते सांगणारे कडेवरचे चार आकडे कसे वाचायचे, ते त्यानेच तिला शिकवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. "दुकानात पडून राहिलेला टायर म्हणजे शिळं म्हावरं," तो सांगायचा. "वरून चकाकतं, पण आत काही राहिलेलं नसतं."

आज त्याने आकडे पाहिलेच नाहीत. टायर हातातही घेतला नाही.

ती टायर हळूहळू फिरवत राहिली. धुळीखाली आकडे सापडले. पदराच्या टोकाने तिने ते पुसले आणि पुन्हा वाचले. टायर पाच वर्षांपूर्वीचा होता.

"हा जुना आहे, भाऊ."

हरिश्चंद्र चष्मा लावून वाकला आणि जरा ओशाळला. "खरंच की. मागच्या रांगेतला आला वाटतं हाताला. नवा काढून देतो. पण वहिनी, तुम्हाला हे कळतं कसं?"

तिने बाहेर पाहिले. काचेपलीकडे जैनुद्दीन रस्त्याच्या कडेने फेऱ्या घालत होता. दोन पावले पुढे, वळायचे, दोन पावले मागे. श्रावणापासून तो घराच्या अंगणातही असाच चालत असे. जेवताना मध्येच उठे. गिऱ्हाईक नसले की किनाऱ्यावर स्वस्थ बसत नसे. गाडी पुसून झाली की पुन्हा पुसायला घेई. एकदा म्हणाला होता, "तिथं निदान सकाळी काम सांगत होते. इथं नुसती वाट बघायची." ती हसली होती. तेव्हा तिला ते बोलण्यातले बोलणे वाटले होते.

तो आत आला. फोन खिशात टाकला, लगेच बाहेर काढून पाहिला.

"झालं का? चला, बांधून द्या शेठ."

"तुम्ही नंबर बघितला नाय," नसीमा म्हणाली.

"असू दे गं. एवढा हंगाम निघाला म्हणजे झालं. मेपर्यंत तर चालतील."

"मेनंतर काय?"

त्याने तिच्याकडे पाहिले आणि नजर भिंतीवरच्या टायरांच्या रांगेकडे नेली. हरिश्चंद्र नवा टायर काढायला गोदामात गेला.

"कधीचं तिकीट आहे?" तिने विचारले.

"तिकीट नाय अजून. व्हिसा आला, तोच फोन होता." तो म्हणाला, "दिवाळीचा धंदा करून जाईन म्हटलं. मग तहा सुट्टीच्या दिवशी चालवेल थोडी. मेमध्ये विकून टाकू. म्हणून म्हटलं, कशाला महागाचे."

"घरात कधी सांगणार होता?"

"रोज सांगणार होतो."

ते खरे असावे. रोज रात्री ताट उचलताना तो काहीतरी बोलायला तोंड उघडत असे, आणि मग पाणी मागत असे. नसीमाला रडू येईल असे वाटले होते, पण आले नाही. लग्नाला एकोणीस वर्षे झाली, त्यांतली सतरा तिने त्याच्या सुट्ट्यांवरच मोजली होती. ही दोन वर्षेही एक लांबलेली सुट्टीच होती, एवढेच. तिला वाईट वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे: घरात राहूनही तो इतके दिवस एकटाच फेऱ्या घालत होता.

हरिश्चंद्र नवा टायर ढकलत बाहेर आला.

"तो ठेवा, भाऊ," ती म्हणाली. "सहा प्लायचे द्या. चारही. आणि आकडे मला दाखवा आधी."

"नसीमा, गाडी उभी राहणार. त्या टायरांचं लोणचं घालायचं काय?"

"उभी का राहील? तुम्ही दुपारी झोपता तेव्हा काजूंच्या मागच्या माळावर कोण फिरवतं गाडी? उलटी घेता येते मला. चढही घेता येतो."

हरिश्चंद्रने एकदा जैनुद्दीनकडे, एकदा तिच्याकडे पाहिले आणि सहा प्लायचा टायर तिच्यापुढे आणून उभा केला. तिने आकडे शोधले. याच वर्षाचे होते. तिने मान हलवली.

अर्ध्या तासाने चौथाही टायर जुन्या रिमवर चढला. कॉम्प्रेसर धडधडू लागला.

"वाळूवर हवा किती ठेवायची?" तिने विचारले.

"पाच पौंड. दगडी वाटेवर थोडी जास्त." दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच जैनुद्दीन एका जागी उभा होता. "किनाऱ्यावर मीटर नसतो, हातानं कळायला हवं."

"हाताला कसं कळतं?"

तो टायरापाशी उकिडवा बसला. मग हरिश्चंद्र समोर असतानाच त्याने तिचा काळा झालेला हात हातात घेतला, अंगठा सरळ केला आणि रबरावर ठेवून वरून आपल्या अंगठ्याने दाबला.

"एवढं आत गेलं पाहिजे," तो म्हणाला. "कळलं?"

कळले होते. तरी ती म्हणाली, "पुन्हा दाखवा."