गुलाबाच्या वाफ्यातला धूर

त्या उन्हाळ्यात आमच्या लार्च अव्हेन्यूत असा वास सुटला होता, की दूधवाल्याचा घोडा आमच्या कोपऱ्यावर श्वास रोखायचा आणि पुढल्या गल्लीत जाऊन सोडायचा. त्या श्वासावर तिथल्या बायका दोरीवरचे कपडे वाळवून घ्यायच्या.

पण 'वास' हा शब्द कुणी तोंडातून काढेल तर शपथ! लंडनच्या कडेला का होईना, आम्ही सभ्य माणसं. कुंपणाशी भेट झाली की म्हणायचं, "हवा आज जरा जड आहे, नाही?" समोरच्याने म्हणायचं, "वारा फिरेल म्हणतात उद्या." आपल्याच मोरीचा निघाला तर काय, ही धास्ती प्रत्येकाला.

बोलला तो एकटा सिरिल अँफ्लेट. बँकेतून निवृत्त झालेला, गुलाबांचा वेडा. त्याचा एकेक गुलाब कोबीएवढा. मिसेस क्रॉफ्टची मांजर एका गुलाबात व्याली आणि पिल्लांनी डोळे उघडेपर्यंत पाकळी गळली नाही. गुपित विचारलं की हा पाइप ओढत सांगायचा, "चहाचा चोथा आणि संयम." फुलांच्या प्रदर्शनातलं पहिलं बक्षीस दरवर्षी त्याचंच. तर हा कौन्सिलच्या कचेरीत जाऊन सांगून आला, की ही सगळी घाण शेजारच्या एडना पॉलिटच्या डुकरिणीची.

आता ही प्रुडन्स डुकरीण काही एकट्या एडनाची नव्हती. लढाई संपली तरी बेकनचं, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचं, रेशन काही संपत नव्हतं, म्हणून गल्लीने डुक्कर क्लब काढलेला. घरोघरचं खरकटं कोपऱ्यावरच्या डब्यात, डबा एडनाच्या परसात, आणि पिल्लं वाढली की वाटणी. पण जीव लावला होता तो एडनाने. विधवा बाई, घरात दुसरं कुणी नाही. संध्याकाळी खोपटाशी बसून ती प्रुडन्सला दिवसभराच्या बातम्या सांगायची. त्यात प्रुडन्सला दिवस गेलेले.

शुक्रवारी कौन्सिलचे सॅनिटरी इन्स्पेक्टर बर्टल्स सायकलवरून आले.

"बाई, वास इथला निघाला तर जनावर उद्याच कसायाकडे जाईल. नियम आहे."

"अहो, पोटुशी आहे ती! रोज कार्बोलिक साबणाने न्हाऊ घालते मी तिला. तुमची शेवटची आंघोळ कधी झाली?"

बर्टल्सच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "गेल्या रविवारी."

"मग जरा लांब उभे राहा. तिला त्रास होईल."

बर्टल्सनी खोपट हुंगलं. कार्बोलिकखेरीज कसलाच वास नाही. पण माणूस सरळ. म्हणाले, "निव्वळ नाकावर मी निकाल देत नाही. उद्या गटारात धूर सोडतो. नळी जिथे फुटली असेल तिथे तो वर येईल. खोपटाची मोरीही त्याच गटाराला जोडलेली; तिथून आला तर माझा इलाज नाही. आणि काम होईपर्यंत संडासाची साखळी कुणी ओढायची नाही!"

शनिवारी अख्खी गल्ली खुर्च्या आणि किटल्या घेऊन हजर. चहा पुष्कळ झाला आणि साखळी ओढायची बंदी, तेव्हा गर्दीची चुळबुळ काय वर्णावी! बर्टल्सनी गटाराचं झाकण उघडलं, तेलकट चिंध्या पेटवून पत्र्याच्या पेटीत कोंबल्या आणि भाता मारायला मला जुंपलं. एडना खोपटात प्रुडन्सच्या गळ्यात हात टाकून उभी.

मी भाता मारला. खोपटात काही नाही.

"जोर लावा की!" अँफ्लेट कुंपणावरून ओरडला. "जेवला नाहीत का?"

मी जोर लावला. काही नाही.

"अजून! निघेल बघा आता!"

अजून लावला. तेवढ्यात मिसेस क्रॉफ्ट शांतपणे म्हणाल्या, "मिस्टर अँफ्लेट, तुमचे गुलाब पाइप ओढताहेत."

बघतो तर काय! वाफाभर धूर. प्रत्येक गुलाबातून एकेक वेटोळं वर चाललेलं, मधमाश्या खोकत खोकत बाहेर पडताहेत. बर्टल्सनी कुदळ घातली. खाली मैलापाण्याची नळी, जुनी फट वाढत वाढत यंदा उभी चिरलेली, आणि गुलाबांची मुळं, खलाशाच्या दंडाएवढी, तिच्यात तोंड घालून बसलेली. इतकी वर्षं सगळी गल्ली त्याचे गुलाब पोसत होती!

"वास!" कुणीतरी ओरडलं. मग काय, बांध फुटला. "वास! अहो, केवढा वास!" म्हातारेकोतारे एकमेकांना मिठ्या मारून ओरडत होते. एडना प्रुडन्सच्या कानात रडत होती आणि हसतही होती.

"चहाचा चोथा का हो, मिस्टर अँफ्लेट?" तिने डोळे पुसत विचारलं.

त्याने पाइप विझवून खिशात घातला.

नवी नळी बसली, आणि अँफ्लेटचे गुलाब आटत आटत कोटाच्या बटणाएवढे झाले. प्रदर्शन जवळ आलं. एका सकाळी तो बादली घेऊन एडनाच्या फाटकाशी उभा.

"मिसेस पॉलिट, म्हटलं... थोडं खत मिळालं असतं तर..."

"मला काय विचारता? जिचं आहे तिला विचारा."

त्याने इकडेतिकडे बघितलं. सगळ्या खिडक्यांचे पडदे हलत होते. हॅट काढून तो खोपटापुढे वाकला. प्रुडन्सला बारा पिल्लं लुचत होती.

"मॅडम," तो म्हणाला, "आपली हरकत नसेल तर..."

प्रुडन्सने मान न उचलता हुंकार दिला.

"हो म्हणतेय," एडना म्हणाली, "पण आधी खोपट धुवा म्हणतेय."

अँफ्लेटने कोट काढला, नीट घडी घालून कुंपणावर ठेवला आणि बाह्या वर सारल्या.