तंबाखूचा रकाना

मला विमा एजंट व्हायचं नव्हतं. मला कल्याणला बोलतं करायचं होतं, तेही चारचौघांत. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते असं कळलं, म्हणून मी परीक्षेला बसले.

कल्याण माझा चुलत दीर. मिरजगावात आणि आसपासच्या गावांत विम्याचं काम करतो. माझ्या नवऱ्याची, वाल्मिकची, पॉलिसी त्यानंच काढली. आमच्या ओट्यावर दोघं बसले होते, मधे तंबाखूची पुडी उघडी. वाल्मिकनं तळहातावर मळली, कल्याणनं त्यातली चिमूट उचलून दाढेखाली धरली आणि त्याच हातानं फॉर्मवर सटासट खुणा केल्या. शेवटी पेन्सिलीनं फुल्या मारून म्हणाला, "दादा, फुली हाय तिथं सही कर." वाल्मिकनं केली. आमच्याकडे फॉर्म असेच भरतात. मी चहा घेऊन तिथंच उभी होते. एकही प्रश्न विचारलेला मी ऐकला नाही.

दोन वर्षांच्या आत वाल्मिक तोंडाच्या कॅन्सरनं गेला. कंपनीचं पत्र आलं. तंबाखूच्या रकान्यात 'नाही' लिहिलंय, माहिती दडवली, दावा नामंजूर. तेही मी गिळलं असतं. पण कल्याणनं गावभर सांगितलं, "दादानं कंपनीपासून लपवलं, त्याला मी काय करू?" मेलेला माणूस खोटारडा ठरला आणि हा शहाजोग इस्त्रीचे कपडे घालून फिरायला मोकळा. माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्याच्या दारात जाऊन भांडले, तर म्हणाला, "वहिनी, तुमाला त्यातलं काय कळतं?"

बरं म्हटलं, कळून घेते.

त्याच्या शाखेत दर महिन्याला एजंटांची बैठक होते. कल्याण तिथं पहिल्या खुर्चीत बसतो, आणि बाहेरच्या माणसाला आत घेत नाहीत. मी शाखेतले अधिकारी आसारामसाहेब यांना भेटले. त्यांना नवीन एजंट हवेच असतात. त्यांनी ट्रेनिंगला नाव घातलं आणि पुस्तक दिलं. पुस्तक मराठीत, पण कुठल्या मराठीत कोण जाणे. 'परम सद्भाव' काय, 'प्रस्तावक' काय. प्रस्तावक म्हणजे फॉर्मवर सही करणारा माणूस, हे डोक्यात शिरायला मला दोन दिवस लागले.

दुपारी कांदे निवडताना मी पुस्तक पाटीला टेकवून ठेवायचे. माझ्या सासूबाई, भागूबाई, म्हणाल्या, "ह्या वयात कशाला डोळं फोडतीस?"

"तुमच्या पुतण्याला बोलतं करायला," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कांद्याची पाटी स्वतःकडे ओढून घेतली.

परीक्षा नगरला, कॉम्प्युटरवर. पन्नास प्रश्न, एक तास, पास व्हायला अठरा बरोबर हवेत. मला माउस धरायचीच पंचाईत. मधेच प्रश्न आला, 'प्रस्ताव अर्जातील माहितीच्या सत्यतेस जबाबदार कोण?' खाली एजंट, कंपनी, डॉक्टर, प्रस्तावक. पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं. पण माझा हात तिकडे जाईना. मी 'एजंट'वर टिचकी मारली आणि मला फार बरं वाटलं. निकाल लागला, सतरा.

एका मार्कानं गेले. कल्याणला हे कसं कळलं देव जाणे, पण तो पेढे घेऊन घरी आला. "वहिनी, सतरा म्हंजी लई झाले की." मी त्याच्यादेखत पुडा म्हशीच्या घमेल्यात रिकामा केला.

महिन्यानं परत गेले. परत तोच प्रश्न, फक्त शब्द इकडचे तिकडे. मी पडद्याकडे बघत बसले. मनातल्या मनात वाल्मिकला म्हटलं, आज एवढ्या एका वेळेला तुम्हाला मीच खोटं पाडते, रागावू नका. आणि 'प्रस्तावक'वर टिचकी मारली. या मार्काची किंमत मी कल्याणकडून वसूल करणार होते. एकतीस पडले.

पुढच्याच बैठकीला मी तिसऱ्या रांगेत होते. पंचवीसेक एजंट असतील. आसारामसाहेब म्हणाले, नव्या ताईंना काही शंका असेल तर विचारा. मी उभी राहिले.

"शंका कल्याणभाऊजींना विचारते, साहेब. ते जुने हायेत."

कल्याण हसला.

"फॉर्मवर खोटं निघालं तर जबाबदार कोण, भाऊजी?"

"प्रस्तावक. पुस्तकात हाय की, वहिनी."

"व्हय, मी बी तेच उत्तर देऊन पास झाले. पन एजंटनं न विचारताच फॉर्म भरला असंल तर?"

साहेबांनी कल्याणकडे पाहिलं. "विचारता ना, कल्याणराव?"

"विचारतो की."

"तुमच्या दादाला विचारलं हुतं?" मी म्हटलं. "त्यांच्या हातावरची तंबाखू तोंडात धरून तुमी 'नाही' लिहिलं. मी तिथंच उभी हुते."

मागं कोणीतरी हसलं. कल्याणचे कान लाल झाले. उत्तर येईपर्यंत बसायचं नाही असं मी ठरवलं होतं, मग संध्याकाळ झाली तरी चालेल.

"न्हाई विचारलं," तो पुटपुटला.

"मागं ऐकू गेलं न्हाई, भाऊजी."

"न्हाई विचारलं म्हनतो ना. खुना मीच केल्या."

"मग दादानं काय लपवलं?"

त्यानं साहेबांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "काय न्हाई लपवलं."

साहेबांचा चेहरा उतरला होता, पण अधिकारी तो अधिकारीच. घसा खाकरून म्हणाले, "प्रत्येक प्रश्न ग्राहकाला मोठ्यानं वाचून दाखवायचा. लिहून घ्या सगळ्यांनी."

सगळ्यांनी वह्या उघडल्या. कल्याणनंही उघडली. त्याचं लिहून होईपर्यंत मी बसले नाही.