चाळीस दिवसांचा चहा

क्लबच्या सभागृहात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर दवाखान्यातला वजनकाटा, आणि काट्यावर एक्याऐंशी वर्षांचे उमोत आजोबा टोपीसकट उभे. नारिन नदीच्या खोऱ्यातल्या आमच्या या गावात परिचारिका मी एकटीच, त्यामुळे आकडाही मलाच वाचायचा होता.

"बासष्ट किलो," मी म्हणाले.

चाळीस दिवसांपूर्वीही बासष्टच होते. मधल्या काळात आजोबांनी भाकरीचा तुकडा, मांसाची फोड, रश्शाचा थेंब तोंडात घातला नव्हता. मांत्रिक शाबदान बक्शीने दिलेल्या डोंगरी पाल्याचा चहा, बस. दोन प्रामाणिक शेजाऱ्यांनी आळीपाळीने पहारा दिला होता. त्यांची वजनं कुणी केली नाहीत, पण दोघांनाही कमरपट्टा एकेक भोक सैल करावा लागलेला मला दिसत होता.

बक्शीने हात वर केले आणि सांगितलं, की सत्तरीनंतर माणूस अन्नावर नाही, पूर्वजांच्या श्वासावर जगतो. भाकरी हे म्हाताऱ्या देहावरचं ओझं. ते ओझं रोज थोडं थोडं टाकत चाललेल्या दहाबारा म्हाताऱ्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांत माझी आई होती.

आईचं नाव बुरमा, वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस दिवसांपूर्वी चोपन्न किलो, आता अठ्ठेचाळीस. लग्नातली चांदीची अंगठी बोटातून गळू लागली तशी तिने आतून लाल दोरा गुंडाळला, लोकरीचा नमदा शिवायचा. दर आठवड्याला एक वेढा जास्त.

घरी परतल्यावर मी तिला पुन्हा सांगितलं, की म्हाताऱ्या माणसालाही वजनाच्या किलोमागे दिवसाला पंचवीस ते तीस उष्मांक लागतात. बसून असणाऱ्याला थोडे कमी, राबणाऱ्याला जास्त. वयाने भूक मंदावते, गरज तेवढी मंदावत नाही.

"मग उमोत कसा जगतो?" आई म्हणाली. "काटा तुझाच होता ना गं?"

काटा खोटं बोलत नव्हता. पंचाईत तीच होती.

दुसऱ्या दिवशी मी उमोत आजोबांकडे गेले. त्यांची सून जीपार चहा ओतत होती. आमच्याकडे सुनेने वाटी अर्धीच भरायची. काठोकाठ भरून दिली, तर पाहुण्याने उठायचं असतं. त्यामुळे सून दिवसभर ओततच असते. आजोबांच्या दिवसाला किती वाट्या होतात, असं मी विचारलं. तिला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"वीस तरी. पण खाणं काही नाही हं ताई. नुसता चहा."

बोलता बोलता ती लोण्यात पीठ खरपूस भाजत होती. त्यावर दूध, मग मीठ, मग बक्शीचा पाला. एकट्या आजोबांसाठी दिवसाला अर्धी वाटी लोणी, वाटीभर पीठ, लिटरभर दूध. मी तळहातावर बेरीज केली. सोळाशे उष्मांक. बासष्ट किलोच्या, उन्हात बसून राहणाऱ्या माणसाला जेवढे लागतात, तेवढेच.

"पहारेकरी काही बोलले नाहीत?"

"काय बोलणार? तेही पीत होते. चहा कुणी मोजतं का? बक्शीनेच सांगितलं होतं, यांचा रोजचा चहा मोडू नकोस."

आईला मात्र त्याने पाला साध्या पाण्यात उकळायला सांगितला होता. बाकीच्या म्हाताऱ्यांनाही.

शुक्रवारी माझ्या सांगण्यावरून त्याच मंचावर जीपारने दिवसभराचं लोणी, पीठ, दूध मांडलं आणि सगळ्यांसमोर चहा केला. बक्शी हसत म्हणाला, "चहा तो चहाच. जे चावावं लागत नाही, ते अन्न कसलं?"

पहिल्या रांगेतून आई उठली. उभं राहताना तिने खुर्ची धरली.

"मग तान्हं लेकरू काय वाऱ्यावर वाढतं?"

आधी म्हाताऱ्या हसल्या, मग पहारेकरी. बक्शी घसा खाकरून पूर्वजांबद्दल काही सांगू लागला. जीपारने मान खाली घालून, अदबीने, त्याच्या हातात वाटी दिली. काठोकाठ भरलेली.

चमत्कार दिसला तर जरूर बघावा. पण टाळी वाजवण्याआधी चुलीपाशी जावं, तिथे राबणारीला विचारावं, पोटात काय गेलं ते मोजावं. म्हाताऱ्यांच्या बाबतीत तर आधी मोजावं, कारण त्यांच्याकडे गमवायला फार किलो नसतात.

त्या दिवशी आईने दोन वाट्या भाजक्या पिठाचा चहा घेतला, सोबत भाकरीही. वसंतात आमची गाय व्याली. परवा आई उंबऱ्यात बसून, पुन्हा घट्ट होऊ लागलेल्या अंगठीचा दोरा सोडवत होती. तिसरा वेढा सुटला तशी म्हणाली, "उरलेला राहू दे. अजून मोजणं चालू आहे."