रूबेनचं लाल निशाण

माझे सासरे रूबेन टचर रस्त्याला कधी रस्ता म्हणाले नाहीत. 'तो' म्हणायचे. "आज तो लवकर उठलाय," "आज त्याच्या अंगात आलंय," अशी त्यांची भाषा. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, शेजारच्या कुणा तिरसट माणसाबद्दल बोलतायत.

नकाशावर त्याचा नंबर ए-३०३. लंडनकडून येतो, सॅलिसबरीचा माळ उतरतो, आमच्या सॉमरसेटात शिरतो आणि पुढं समुद्राकडं जातो. आमचं घर आणि दूध काढायची शेड रस्त्याच्या या अंगाला, कुरण त्या अंगाला. म्हणजे रोज सकाळी दूध काढून झालं की गाई रस्ता ओलांडून चरायला, आणि संध्याकाळी परत. बाबांनी लहानपणी तो पांढऱ्या धुळीचा पाहिलेला. मग डांबर आलं, युद्धात अमेरिकन फौजेचे ट्रक आले, नंतर सुट्टीवाल्यांच्या गाड्या आल्या, एकीला एक लागून. पण रूबेन टचर लाल निशाण घेऊन मध्ये उभे राहिले की सगळे थांबायचे. ट्रकवाले ओळखायचे त्यांना. "काय रूबेन, तुझ्या बायका आल्या का फिरायला?" असं ओरडायचे. बाबा मान वळवायचे नाहीत, पण मिशीत हसायचे.

त्यांची एक शिस्त होती. गाईंच्या पुढं कधी चालायचे नाहीत. "मागं चालतो तो गवळी, पुढं चालतो तो खाटीक," हे मी हजारदा ऐकलंय. म्हणून निशाण दाखवून गाड्या थांबवायच्या, गाई पुढं जाऊ द्यायच्या आणि शेवटच्या गाईच्या शेपटामागून आपण जायचं.

मग सरकारनं ठरवलं, गावातून रस्ता नको, बाहेरून चौपदरी न्यायचा. गावाला आनंद झाला, कुणाला नको होता तो धूर! पण नवा रस्ता जुन्यापासून एक शेत सोडून, बरोबर आमच्या कुरणाच्या तोंडावरून गेला. गावच्या हॉलमधल्या सभेत इंजिनिअर म्हणाला, "मिस्टर टचर, तुमच्या गाईंसाठी खालून बोगदा देतो."

बाबा उभे राहिले. "मी काय घूस आहे, रस्त्याखालून जायला?"

सगळा हॉल हसला. मी नाही हसले, कारण मला घरातलं माहीत होतं. बाबांचं डोकं तेव्हाच दगा द्यायला लागलं होतं. सासूबाई जाऊन सात वर्षं झाली होती आणि हे जेवताना विचारायचे, "एडिथ कुठं राहिली?" किटलीखाली गॅस पेटवायचा आणि विसरायचं. फक्त गाईंच्या बाबतीत चुकत नसत. माझा नवरा लेन म्हणायचा, "गाई आहेत तोवर म्हातारा ठीक आहे, बेरिल." मला मात्र तीच धास्ती होती. माणूस सगळं विसरला आणि रस्ता ओलांडायचं तेवढं विसरला नाही, तर त्या चौपदरीवर त्याचं काय होणार?

बोगदा झाला. आता गाई आत जातील तर शपथ! काळोख, पावलांचा घुमणारा आवाज आणि धुतल्यासारखं कोरं सिमेंट. तोंडाशी येऊन आमच्या काळ्या-पांढऱ्या बाया पाय रोवून उभ्या. लेननं काठ्या आपटल्या, शिव्या दिल्या. मग मी शेडमधला ओला पेंढा आणि शेण आणून आत पसरलं, घरचा वास येऊ दे म्हणून. पेंडीची बादली पलीकडच्या तोंडाशी ठेवली. डचेस म्हणजे आमची म्होरकी गाय, नावासारखीच माजोरी आणि खादाड. तिनं नाक उडवलं, एक पाय आत टाकला, दुसरा टाकला आणि गेली. ती गेली की बाकीच्या जातातच. महिनाभर रोज त्या बादलीच्या लालचीनं नेल्या तेव्हा कुठं अंगवळणी पडलं.

बाबा जुन्या रस्त्याच्या कडेला उभं राहून हे बघायचे. "पेंड दाखवून नेतेस? लाज नाही वाटत? लाच देतेस गाईंना!"

"तुम्ही या ना मग मदतीला," मी म्हणायची.

"घूस मी नाही," ते म्हणायचे आणि पाठ फिरवायचे. महिन्याभरात एकदाही बोगद्याकडं फिरकले नाहीत.

बोगद्याच्या शेजारीच, वर रस्त्याच्या कुंपणात कामगारांनी एक लाकडी फाटक ठेवलं होतं. ते मला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. मी लेनच्या मागं भुणभुण लावली, शेवटी त्यानं साखळी घालून कुलूप ठोकलं. "झालं समाधान?" म्हणाला. नाही झालं. पण काय म्हणायचं ते कळेना.

एका शुक्रवारी मंत्री आला, फीत कापली, बँड वाजला, सगळ्यांनी चहा-केक खाल्ला आणि रस्ता सुरू झाला.

त्या संध्याकाळी गाई आणायच्या वेळेला बाबा सवयीनं निशाण घेऊन जुन्या रस्त्यावर जाऊन उभे राहिले. एक गाडी नाही. सायकलसुद्धा नाही. चिमण्या डांबरावर उतरून टिपत होत्या. मी आणि लेन गाई घेऊन आलो तरी ते निशाण धरून तसेच.

"बेरिल," ते हळू आवाजात म्हणाले, "तो मेला का गं?"

"नाही बाबा. पलीकडं गेलाय. शेतापलीकडं."

बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांनी कान दिला. शेतापलीकडून नव्या रस्त्याची घरघर येत होती. त्यांचा चेहरा उजळला. "तिकडं आहे होय!" म्हणाले.

रात्री मी लेनला म्हटलं, फाटकाची भीती वाटते. तो म्हणाला, "कुलूप आहे, बाई. झोप."

दुसऱ्या दिवशी ऑगस्टातला शनिवार. अर्धं लंडन समुद्राला निघतं तो दिवस. दूध काढून झालं, लेन वासरू घेऊन बाजाराला गेला. मी नळी लावून शेड धूत होते. नळी बंद केली आणि एकदम शांत वाटलं. वळून पाहिलं तर अंगणाचं फाटक सताड उघडं, गाई एक नाही. आणि दाराच्या खिळ्यावरचं लाल निशाण नाही.

अगं बाई गं! मी बूट चिखलाचे तसेच, पळत सुटले.

जुना रस्ता ओलांडला, शेत ओलांडलं. समोर चढावर तो नवा रस्ता गुरगुरत होता. गाड्यांची टपं कुंपणावरून सटासट सरकत होती, एकामागून एक, फट म्हणून नाही. वर पोहोचले आणि फाटक पाहिलं.

साखळी जागच्या जागी. कुलूप जागच्या जागी. आणि फाटक बिजागरीकडून उचलून गवतात आडवं टाकलेलं. अहो, शेतकऱ्याचं फाटक ते! आमच्याकडं कुठलंही पोर सांगेल, कुलपाशी झटत बसू नये, दुसऱ्या टोकानं उचलावं. लेनला सुचलं नाही, मला सुचलं नाही. म्हाताऱ्याला सुचलं.

त्या उघड्या जागेत उभी राहून मी रस्त्यावर बघत होते. काय बघत होते? टोपी. निशाणाचा लाल तुकडा. आडवी पडलेली गाय. एक ट्रक भोंगा वाजवत गेला, त्याच्या वाऱ्यानं मी मागं ढकलले गेले. "बाबा!" मी ओरडले. माझाच आवाज मला ऐकू आला नाही. देवा, म्हटलं, एवढ्या डोक्यानं अधू माणसाला तू एवढंच का रे लक्षात ठेवायला दिलंस?

तेवढ्यात पायाखालून हंबरणं आलं.

मी खाली पाहिलं. उतारावर ताजं शेण पडलं होतं, बोगद्याच्या तोंडाकडं. पडत-धडपडत खाली गेले आणि आत शिरले. डोक्यावर गाड्यांचा धडधडाट, खाली पेंढा तुडवलेला. पलीकडच्या उजेडात बाहेर आले तर कुरणात आमच्या सगळ्या बाया चरतायत. डचेस रिकाम्या बादलीत तोंड घालून फुरफुरतेय. आणि तिच्याशेजारी बाबा, निशाणाची गुंडाळी करत उभे.

मी त्यांना धरूनच बसले. रडू आवरेना.

"काय झालं गं? एडिथला काही झालं का?"

"काही नाही बाबा."

"मग ऊठ. ओलं गवत आहे."

मला सगळं कळलं. त्यांनी गाईंसाठी फाटक उचललं, निशाण वर केलं. पण डचेसला फाटकाशी काय देणंघेणं? ती रोजच्या बादलीच्या ओढीनं खाली बोगद्याकडं वळली, बाकीच्या तिच्यामागं आणि शेवटच्या शेपटामागून रूबेन टचर. पुढं चालून गाई वळवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"नवा आहे, पण गुणी आहे," बाबा म्हणाले. "मी उगाच शिव्या घातल्या. आवाज केवढा करतो! पण निशाण दाखवलं आणि एक गाडी पुढं आली नाही. एक दिसली नाही, बेरिल. सगळे थांबले."

"थांबणारच. ओळखतात तुम्हाला."

"ओळखतात," ते म्हणाले.

दुपारी लेननं दोन्ही बाजूंनी फाटक तारेनं आवळून टाकलं. संध्याकाळी गाई आणायला मी निघाले तर बाबा खिळ्यावरून निशाण काढत होते. लेन नको म्हणून पुढं झाला. मी त्याला डोळ्यांनी दटावलं.

बादली या वेळी शेडकडच्या तोंडाशी ठेवली होती. डचेस आत शिरली, तिच्यामागं बाकीच्या. शेवटच्या शेपटामागून आम्ही दोघं. बोगद्याच्या मध्यावर, जिथं वरची धडधड सगळ्यात मोठी होते, तिथं बाबा एकदम थांबले आणि त्यांनी निशाण उंच धरलं.

"बघ गं नीट," ते म्हणाले. "माझे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत."

मी उजवीकडं पाहिलं. डावीकडं पाहिलं. दोन्हीकडं सिमेंटच्या भिंती.

"मोकळा आहे बाबा," मी म्हटलं. "चला."