कोठारापलीकडची खरखर

"आता?" गेलननं वरून विचारलं.

पिकअपच्या हौद्यात उभा राहून त्यानं टपावरच्या अँटेनाचं चुंबकी बूड हातभर मागे सरकवलं होतं. आत व्हर्लिन सीटवर आडवा पडून डॅशबोर्डखालच्या स्कॅनरला कान लावून होता.

"खरखर," व्हर्लिन म्हणाला. "मघाशी होती तशीच. तू नुसता उन्हात नाचतोयस."

"चीफ, तुम्ही हुकूम सोडा, मी नाचतो."

गेलन अजून त्याला चीफच म्हणायचा, आणि व्हर्लिनला ते आवडायचं. खरं तर गेल्या शरदापासून गावच्या अग्निशमन पथकाचा चीफ गेलन होता. पथकात सगळे बिनपगारी, गावातलेच शेतकरी, सुतार, शाळेचा बसवाला. व्हर्लिननं त्यात एक्केचाळीस वर्षं काढली. निरोपाच्या जेवणात त्यांनी त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि कमरेचा पेजर काढून घेतला. पण स्कॅनर त्याच्या स्वतःच्या पैशाचा होता. त्यावर बोलता येत नसलं तरी पथकाच्या रेडिओवरचं सगळं ऐकता येई. कुठे काय पेटलं हे कळलं की सत्तरीचा व्हर्लिन बंबाच्या आधी तिथे हजर. अशा माणसाला कुणी घड्याळ दिलं म्हणून तो घरी बसतो थोडाच!

तीन आठवड्यांपूर्वी स्कॅनर बिघडला. गावात ठीक चाले, पण धान्याच्या उंच कोठाराच्या पलीकडे गेलं की नुसती खरखर. त्याच आठवड्यात स्टोरडालांची गवताची शेड जळाली आणि व्हर्लिनला ते दुसऱ्या दिवशी कॅफेत, ऱ्हुबार्बची गोड पेस्ट्री खाताना कळलं. एक्केचाळीस वर्षांत हुकलेली ही पहिली आग. "माझा स्कॅनर बसलाय," असं तो म्हणाला, तेव्हा टेबलावरच्या पाचही जणांनी आपापल्या कपात पाहिलं. त्याला वाटलं, बिचाऱ्यांना वाईट वाटलं.

म्हणून आज शनिवारी सकाळी गेलन आपणहून मदतीला आला होता. दोन तास झाले होते. बूड उचलून त्याखालचा गंज काचकागदानं घासून झाला. इंजिन बंद करून पाहिलं, फोनचा चार्जर उपटून पाहिला. गेलननं स्वतःच्या गाडीवरची अँटेनाची दांडी काढून इथे फिरवून बसवली. फरक शून्य.

"सेट म्हातारा झालाय, चीफ," गेलन खाली उतरत म्हणाला. "सोडा आता त्याला."

"सेटला काय धाड भरलीय? घरात त्याच्या बोटभर दांडीवर तो पार सीमेपर्यंतचं ऐकतो." व्हर्लिन उठून बसला. "दोष वाटेत आहे. मीटर दे."

केबलचं टोक सेटमधून काढून त्यानं मीटरच्या सुया लावल्या. मीटर टुईं करून वाजलं. मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी, ज्या दोघींनी एकमेकींना शिवायचं नाही, त्या कुठेतरी चिकटल्या होत्या.

"बघ!"

"अहो, या जातीच्या अँटेनाला असंच दाखवतं," गेलन चटकन म्हणाला. "बुडातच जोडलेल्या असतात त्या. त्यावर जाऊ नका." मग त्यानं घड्याळ पाहिलं. "मला चर्चमध्ये टेबलं लावायला जायचंय. आणि ती मागची सीट उचलत बसू नका हं. पाठ धरेल आणि तुमची आर्डिस माझ्या नावानं खडे फोडेल."

"जा रे लेका. बायकांना घाबरणारा चीफ!"

गेलन हसला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. तो हात जरा जास्तच वेळ राहिला, असं व्हर्लिनला नंतर वाटलं.

मीटरच्या सुया अजून त्याच्या हातात होत्या. अशा अँटेना असतात, हे खरंच होतं. पण ही तशी नव्हती. मागच्या उन्हाळ्यात गेलननंच ती बसवली होती आणि बसवताना मीटर लावून दाखवलं होतं. तेव्हा मीटर गप्प होतं. "काम चोख झालं की मीटर बोलत नाही," हे व्हर्लिनचंच जुनं वाक्य त्यानं ऐटीत म्हणून दाखवलं होतं.

व्हर्लिननं मागची सीट उचलली. पाठीत कळ आली, तिला त्यानं शिवी घातली. दाराच्या रबरी पट्टीखालून केबल आत शिरत होती. थुंकी लावलेला अंगठा तो तिच्यावरून इंचाइंचानं नेत राहिला. पट्टीच्या वळणाखाली काहीतरी टोचलं. अंगठ्यावर रक्ताचा ठिपका आला.

केबलच्या आरपार एक टाचणी गेली होती. तिची दोन्ही टोकं अशी छाटलेली की डोळ्याला दिसू नयेत.

तो सीटच्या सांगाड्यावर टेकला.

तीसेक वर्षांपूर्वी गावात एक तोंडाळ ट्रकवाला होता. त्याच्या जबर रेडिओमुळे पथकाच्या लहरीवर ऐन आगीच्या वेळी त्याची चावट गाणी घुमायची. सांगून ऐकेना. मग जत्रेत तो सॉसेज खात उभा असताना व्हर्लिननं त्याच्या केबलमध्ये टाचणी खुपसली. पहाऱ्याला कोवळा गेलन होता. "डोकं छाटायचं," व्हर्लिननं त्याला शिकवलं होतं, "टोक छाटायचं, आणि रबर असेल तिथे घालायची. मग तो अँटेना बदलेल, सेट बदलेल, केबलकडे बघणार नाही." ट्रकवाल्यानं दोन अँटेना बदलल्या. ते दोघं वर्षभर हसत होते. गुन्ह्याचं काम, म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. ही युक्ती जगात आणखी कुणाला ठाऊक असेल तर असो, या गावात दोघांनाच होती.

नोव्हेंबरात बाकनांच्या घराला आग लागली तेव्हा व्हर्लिन धुराचा मुखवटा न लावता आत घुसला होता आणि अंगणात येऊन कोसळला होता. दोघांना पाण्याचा पाइप टाकून त्याला उचलावं लागलं. बर्फावरून घसरलो, असं तो सगळ्यांना सांगत आला होता. कुणी वाद घातला नव्हता. घालायला हवा होता! तोंडावर म्हणायचं होतं, म्हाताऱ्या, तू आता नडतोस. तो भांडला असता, चार दिवस बोलला नसता, पण ऐकलं असतं. आणि हा पोरगा, ज्याला त्यानं शिडी कशी धरायची इथपासून शिकवलं, तो दोन तास टपावर चढउतर करून शोधण्याचं सोंग करून गेला.

त्यानं पकडीनं टाचणी ओढून काढली. केबल सेटला जोडली. खरखर नाहीशी झाली. पंचवीस मैलांवरची नियंत्रण कक्षातली बाई शेजारी बसल्यासारखी बोलू लागली; हमरस्त्यावर कुणाच्या तरी गायी आल्या होत्या.

त्याची बायको आर्डिस दोन कप कॉफी घेऊन बाहेर आली. बाहीवर धागे चिकटलेले होते. चर्चच्या गोधड्यांचं काम सकाळपासून चाललं होतं.

"गेलन गेला का? त्याच्यासाठीही आणली होती."

व्हर्लिन उत्तर देणार तोच सेटमधून इशाऱ्याचा सूर वाजला. हाटलनांच्या पश्चिमेच्या कुरणात वाळलेलं गवत पेटलंय, वारा घराच्या दिशेनं आहे. लगेच गेलनचा आवाज आला, धाप लागलेला पण स्वच्छ: "निघालो."

एक्केचाळीस वर्षांच्या सवयीनं व्हर्लिनचा हात किल्लीकडे गेला. मग त्याची नजर आर्डिसकडे गेली.

तीन आठवडे ती त्याची चिडचिड ऐकत आली होती. सेट दुरुस्त झाल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर यायला हवा होता. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि एका कपातली कॉफी बशीत सांडत होती.

त्यानं किल्लीवरचा हात काढला. दुसरी मूठ उघडून तिच्यापुढे धरली. गोधडीच्या टाचण्या साध्या टाचण्यांपेक्षा बारीक असतात. छाटलेली असली तरी ही त्यातलीच होती, आता त्याला ओळखता येत होतं.

"ही तुझ्या डब्यातली."

आर्डिसनं कप बॉनेटवर ठेवले. टाचणी उचलली आणि मूठ मिटली. कुठे सापडली, असं तिनं विचारलं नाही.

गावाकडून भोंगा वाजू लागला. सेटमध्ये गेलन माणसांची नावं पुकारत होता, एकेक जण ओ देत होता.

"गेलनला सांग," व्हर्लिन म्हणाला, "मला ऐकू आलं."

आणि त्यानं हात लांब करून सेट बंद केला.