रांजणाला सांगितलेली गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. कोरियातल्या एका खेड्यात, परसातल्या दगडी ओट्यावर बसलेला. कुंभाराने मला थापून घडवले, भट्टीत भाजले, आणि तेव्हापासून या घराचा सोया सॉस मी पोटात सांभाळला. पणजीच्या हातचा सॉस तळाशी ठेवून दरवर्षी त्यावर नवा ओतत. शेजारणी वाटी घेऊन यायच्या, "काय चव आहे हो!" म्हणायच्या. मी नुसता फुगून जायचो.

माझे पथ्य एकच. ऊन असले की झाकण काढायचे, आभाळ आले की लावायचे. पावसाचे पाणी आत गेले तर सॉस नासतो. आणि सॉस नासला की घरावर संकट येते, असे इथले लोक मानतात.

एका दुपारी घरच्या सासूने, बोक्सुनने, माझे झाकण काढले आणि ती शेजारी गप्पांना जाऊन बसली. सून जोंगिम आत तापाने फणफणलेल्या आपल्या लहान मुलीच्या, मीरानच्या उशाशी होती. तेवढ्यात पाऊस कोसळला.

पुढे माझ्या तोंडाशी बुरशी धरली, वास सुटला. सगळ्यांसमोर बोक्सुन बोलून गेली, "हिला सांगून गेले होते, झाकण लाव म्हणून! लक्ष कुठे असतं हिचं, देव जाणे!"

जोंगिम गोंधळली. "मला सांगितलं होतंत, आई?"

"मग काय, भिंतीला सांगितलं?"

त्याच हिवाळ्यात जोंगिमचे सासरे वारले. सॉस नासला म्हणूनच, अशी गावात कुजबुज झाली. जोंगिमने माझ्याकडे येणेच सोडले.

मला धुऊन रिकामे ठेवले. बोक्सुन मात्र रोज येई. मला पुसता पुसता आत वाकून पुटपुटे, "मीच विसरले रे. तिला मी काही सांगितलंच नव्हतं." रिकाम्या पोटातून तिचे शब्द तिच्याच तोंडावर परत येत. ती दचके, झाकण दडपून लावी आणि उद्या पुन्हा येई. मित्रांनो, ते शब्द माझ्यात घुमत राहायचे. मला त्यांची भीती वाटायची.

अशी वर्षे गेली. मीरान मोठी झाली. एकदा तिने ते ऐकले.

"आजी, रांजणाला काय सांगतेस? आईला सांग ना!"

"गप गं, मोठी आलीस शहाणी!" बोक्सुन खेकसली खरी, पण तिच्या हातातले फडके गळून पडले. तिने सुनेला हाक मारली आणि सगळे सांगून टाकले.

जोंगिम ऐकून म्हणाली, "आई, मी रोज आठवून बघत होते. तुम्ही सांगितलं असेल, मीच विसरले असेन. बाबा माझ्यामुळे गेले, असंच मी धरून चालले होते."

म्हातारी हमसाहमशी रडू लागली. जोंगिमने तिचे डोळे पुसले नाहीत.

मित्रांनो, तुम्ही लहान असा की मोठे, चूक झाली तर ती माझ्यासारख्या भांड्याच्या कानात सांगू नका. ज्याच्यावर आळ आला आहे त्याला गाठा, आणि त्याच दिवशी गाठा. नासलेला सॉस फेकून मला धुता आले, यंदा माझ्यात नवा सॉसही भरला. पण जोंगिमची ती वर्षे तिला कोण परत देणार?